बारावा थेंब

कोंबडीचा पंख हळूच उलगडून वर धरला की आतली बाजू जवळजवळ उघडीच असते. चार-दोन पिसं बाजूला सारली की पातळ कातडी दिसते आणि तिच्याखालून कोपरावरून गेलेली निळसर शीर. पाच वर्षं कोंबड्या पाळूनही मी ती शीर कधी पाहिली नव्हती. मध्यंतरी एका शनिवारी एकाच सकाळी बारा वेळा पाहिली.

आम्ही अमेरिकेत, ओहायो राज्यात राहतो, गावाच्या जरा बाहेर. मागच्या अंगणात दहा कोंबड्या आणि एक कोंबडा. सगळे पोस्टाने आले. हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईचा विश्वासच बसेना. इथे एक दिवसाची पिल्लं पोस्टाने पाठवायची रीत १९१८ पासून आहे. बाहेर पडायच्या आधी पिल्लू अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस निभावतं, म्हणून हे जमतं. सकाळी सहाला पोस्टातून फोन आला, तेव्हा बोलणाऱ्याच्या मागे चिवचिवाट ऐकू येत होता. सई तेव्हा सात वर्षांची. भोकं पाडलेलं ते खोकं तिने मांडीवर घेतलं आणि घर येईपर्यंत एकेका भोकाला तोंड लावून ती आतल्यांशी बोलत राहिली.

आता ती बारा वर्षांची आहे आणि फोर-एचमध्ये जाते. मुलांनी शेती-जनावरं शिकावीत म्हणून निघालेली ही चळवळ १९०२ मध्ये आमच्याच राज्यातल्या क्लार्क काउंटीत सुरू झाली. उन्हाळ्यात काउंटीची जत्रा भरते. मुलं आपण वाढवलेलं जनावर तिथे नेतात, परीक्षक प्रश्न विचारतात. सईला यंदा चिंगीला न्यायचं होतं. चिंगी म्हणजे ऑर्पिंग्टन जातीची सोनेरी कोंबडी, अंगाने भारदस्त, स्वभावाने गरीब. पण जत्रेत पक्षी न्यायचा तर तो पुलोरम आणि टायफॉइड या दोन रोगांपासून मुक्त ठरलेल्या कळपातला हवा, नाहीतर नव्वद दिवसांच्या आतली त्याची स्वतःची तपासणी हवी. टायफॉइड म्हणजे कोंबड्यांचा, माणसांचा नव्हे. नुसत्या चिंगीची तपासणी केली असती तरी भागलं असतं. पण सईला मैत्रिणीला उबवायला अंडी द्यायची होती. त्यासाठी सगळ्या कळपाचा दाखला लागतो आणि कळपाच्या दाखल्यासाठी चार महिन्यांवरचा एकूण एक पक्षी तपासावा लागतो.

मी हे वर्षभर पुढे ढकलत होते. सईला सांगायचे, थंडी सरू दे, पिसं झडायचा हंगाम जाऊ दे. खरं कारण तिला सांगितलं नव्हतं. कोंबड्यांच्या तपासणीला माणसं येणार म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आजोळचं अंगण येतं.

आजोळ आमचं जळगाव जिल्ह्यातलं, यावल तालुक्यातलं. १८ फेब्रुवारी २००६ ला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाल्याचं जाहीर झालं. देशातली ती पहिलीच साथ. नवापूरला मोठमोठ्या पोल्ट्र्या होत्या, त्यामुळे गावाकडच्या लोकांना वाटलं, हे पोल्ट्रीवाल्यांचं दुखणं, आपल्या गावरान कोंबड्यांना काय होतंय! मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत फ्लू निघाला, आणि तो परसातल्या कोंबड्यांतच निघाला. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले होते. तिथून उत्तर आलं आणि आजूबाजूच्या गावांत पथकं फिरू लागली. आजीचं घर त्या घेऱ्यात आलं.

मी तेव्हा जळगावात कॉलेजला होते. जे झालं ते मामाने फोनवर सांगितलं. आजीच्या चौदा कोंबड्या. एकही आजारी नव्हती. पांढऱ्या पोशाखातली, तोंडं झाकलेली माणसं आली, कोंबड्या पायांना धरून उलट्या पोत्यात गेल्या, रजिस्टरवर आकडा चढला आणि मामाने सही केली. आकडा तेरा होता. चौदावी खुडूक बसलेली होती. आजीने तिला अंड्यांसकट टोपलीत घालून बाजेखाली सरकवलं आणि वरून गोधडी सोडली होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण मी आजीच्याच तोंडून ऐकलेली. तरी तिने झाकली. रात्रभर मामा जागा होता. घरात त्याची दोन लहान लेकरं होती. पहाटे त्यानेच टोपली बाहेर काढली आणि पथक शेजारच्या आळीत होतं तिथे नेऊन दिली. पुढे दीड महिना आजी त्याच्याशी बोलली नाही.

एप्रिलमध्ये मी गेले तेव्हा खुराडं धुऊन, चुन्याने सारवून ठेवलेलं होतं. दारात कोंबड्यांचं पाण्याचं मातीचं भांडं होतं, आणि ते काठोकाठ भरलेलं होतं. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडून झाल्यावर आजीने शिळं पाणी तुळशीत ओतलं आणि भांडं पुन्हा भरून जागेवर ठेवलं.

त्या पथकाला मी कधी दोष दिला नाही. विषाणू पसरू नये म्हणून बाधित जागेभोवतीचे पक्षी मारावे लागतात. ती माणसं स्वतः टॅमिफ्लूच्या गोळ्या खाऊन ते काम करत होती, तीही घाबरलेलीच होती. मामाने केलं तेही बरोबरच होतं. पण आजीच्या अंगणात कोणी दोन मिनिटं टेकून तिला समजेल असं सांगितलं नाही, की बाई, तुझी कोंबडी आज धडधाकट दिसतेय तरी ती आम्हाला का न्यावी लागतेय. मारणं टळलं नसतं, गोधडी टळली असती.

तर असं सगळं मनात घेऊन मी शेवटी अर्ज केला.

आल्या त्या साठीपुढच्या एक बाई. राज्याच्या शेतकी खात्याकडून प्रशिक्षण घेतलेल्या तपासनीस. गाडी रस्त्यावरच ठेवली, अंगणात यायच्या आधी बुटांवर प्लास्टिकचे मोजे चढवले, हातमोजे घातले. आधी कोंबड्या पाहिल्याच नाहीत. खाद्याच्या डब्याला झाकण आहे का, चिमण्या आत शिरतात का, शेजारच्या तळ्यावरची बदकं इथवर येतात का, नवा पक्षी आणला तर वेगळा ठेवता का आणि किती दिवस, हे सगळं विचारून घेतलं. पिल्लं कुठून आणली त्याचा कागद मागितला. पिल्लांच्या खोक्यासोबत तेव्हा एक फॉर्म आला होता, पिल्लं तपासलेल्या कळपातली आहेत असं सांगणारा. तो मी जपून ठेवला होता.

त्या कागदामागे मोठा इतिहास आहे. पुलोरमला आपल्याकडे पांढरी हगवण म्हणतात. जंतू साल्मोनेला कुळातला, १८९९ मध्ये लिओ रेटगर या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो शोधला. या रोगाची वाईट गोष्ट अशी की त्यातून वाचलेली तलंग मोठी होते, अंडी घालते, दिसायला ठणठणीत असते, आणि जंतू तिच्या अंडाशयात बसून राहतो. तिथून तो अंड्यात जातो, अंड्यातून पिल्लात. उबवणी यंत्रात असं एक पिल्लू फुटलं की त्याच्या लवेच्या धुरळ्यातून शेजारच्या पिल्लांच्या श्वासात जातो. यंत्रं मोठी होत गेली तशी पिल्लं ढिगाने मरू लागली. आई निरोगी दिसते आणि लेकरं मरतात, मग दोष कुणात शोधायचा? १९३१ मध्ये एका थेंबाची तपासणी निघाली आणि १९३५ मध्ये राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजना सुरू झाली. उबवणी केंद्रांनी स्वखुशीने त्यात यायचं, अंड्याच्या कोंबड्या तपासून घ्यायच्या, बाधित निघेल ती काढून टाकायची. इथल्या व्यापारी कोंबड्यांतून हा रोग आता हद्दपार झाला आहे. राहिला असेल तर आमच्यासारख्यांच्या अंगणात, म्हणून ही अकरा पक्ष्यांसाठीची धडपड. सईने पोस्टातून मांडीवर आणलेलं खोकं जिवंत पोचलं, त्याच्यामागे नव्वद वर्षांचे असे थेंब आहेत. मला हे सगळं त्या बाईंकडून अंगणात उभ्या उभ्या समजलं.

मग त्यांनी घडीचं टेबल मांडलं. त्यावर पांढरी काच, खालून दिवा. काचेवर चौकोन आखलेले. एका कुपीत जांभळं पाणी. ते म्हणजे मारून रंगवलेले पुलोरमचेच जंतू. कोंबडीच्या रक्ताने हा जंतू कधी ओळखला असेल तर त्यात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं असतात, ती या रंगीत जंतूंना धरून त्यांचे पुंजके करतात. ओळखला नसेल तर थेंब जसाच्या तसा राहतो. एवढंच. मेलेल्या जंतूपुढे रक्ताला उभं करायचं आणि विचारायचं, याला पाहिलंयस का कधी?

पहिली सोनी. सईने तिला छातीशी धरलं, डोकं काखेखाली, एक पंख बाहेर. मी पंख उलगडून धरला. बाईंनी स्पिरिटचा बोळा फिरवला, पिसं ओली होऊन आडवी झाली, शीर वर आली. सुईचं टोक टेकलं न टेकलं तोच काळसर लाल थेंब फुगला. तारेच्या छोट्या फासात तो उचलून त्यांनी जांभळ्या थेंबात कालवला, बोटभर पसरवला आणि घड्याळ लावलं. दोन मिनिटं. काच दोन्ही हातांत धरून त्या हळूहळू डोलवत होत्या, सुपात धान्य घोळवावं तशी. मी पंखावर बोळा दाबून धरला होता. बोळ्याखाली सोनीचं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की ती थडथड माझ्या अंगठ्यात येत होती.

थेंब गढूळ, एकसारखा राहिला. बाईंनी वहीत खूण केली आणि सोनीच्या पायात ॲल्युमिनियमची क्रमांकाची पट्टी बसवली. मग मोगरा, मग काळी, मग इतर. कोंबड्याला धरायला सईचे बाबा लागले.

चिंगी नववी होती.

दीड मिनिटाला तिच्या चौकोनात काठाशी बारीक कण दिसले. आधी मला दिसले, मग सईला. तिने माझ्याकडे पाहिलं. दूध नासायला लागतं तेव्हा भांड्याच्या कडेला पहिल्यांदा जे दिसतं ना, अगदी तसं. मी स्वयंपाकघरात आयुष्य काढलेली बाई, मला त्या खुणेचा एकच अर्थ ठाऊक. बाधित निघालेल्या पक्ष्याचं काय होतं हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तो प्रयोगशाळेत जातो, आणि तिथून परत येत नाही, कारण जंतू आहे की नाही ते नक्की करायला त्याचे अवयव तपासावे लागतात. सई काही बोलली नाही. चिंगीला तिने खाली सोडलं नव्हतं, ती तिच्या मानेच्या पिसांवरून बोट फिरवत राहिली.

माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते लिहायलाच हवं. मनात आलं, आपण बोलावलंच नसतं तर. कोणाला कळलं असतं? चिंगी छान खातेपिते, अंडी घालते. बाजेखालची टोपली माझ्या हाताला लागली होती. वीस वर्षं मी आजीची कीव करत आले, तिचं ते लपवणं भाबडं समजत आले. त्या टेबलाशी उभी राहून मला कळलं की तिची जागा माझ्यापासून वीतभरसुद्धा लांब नाही.

बाई घाईत नव्हत्या. त्यांनी काच उजेडात तिरकी धरली, मग शांतपणे सईला जवळ बोलावलं आणि तिच्या उंचीला वाकून सांगितलं. कण काठालाच आहेत, मध्ये नाहीत. थेंबाची कड वाळली तरी असं दिसतं, रक्त जरा थिजलं असेल तरी दिसतं. दुसऱ्या एखाद्या चुलत जंतूशी गाठ पडली असेल तर खरेच पुंजके होतात, आणि तेव्हा प्रयोगशाळेला विचारावं लागतं. आत्ता मला माहीत नाही, म्हणून मी पुन्हा विचारणार आहे. आणि त्यांनी नवा चौकोन पुसून घेतला.

दुसरा पंख, दुसरी शीर. अकरा पक्ष्यांच्या त्या सकाळी हा एक थेंब जास्तीचा. या वेळी त्यांनी घड्याळ सईच्या हातात दिलं. तीस सेकंद. साठ. सई मोठ्याने मोजत होती, इंग्रजीत सुरू केलं आणि शंभरच्या पुढे ती मराठीत कधी आली तिचं तिलाही कळलं नाही. एकशे अठरा, एकशे एकोणीस, एकशे वीस. थेंब गढूळ होता. काठापासून मध्यापर्यंत एकसारखा, पावसाळ्यातल्या ओढ्यासारखा गढूळ. इतकं सुंदर गढूळ पाणी मी पाहिलेलं नाही.

दाखला पंधरा दिवसांनी आला. त्यावर कळपाचा क्रमांक आहे, आमचा पत्ता आहे आणि पुलोरम-टायफॉइडमुक्त असं लिहिलंय. बर्ड फ्लूबद्दल त्यात अक्षर नाही. त्याची तपासणी वेगळी, त्यासाठी घशातून काडीवर नमुना घेतात. २०२४ च्या डिसेंबरअखेर आमच्या राज्याच्या पश्चिमेला डार्क काउंटीत तो निघाला, मग शेजारच्या मर्सरमध्ये, आणि काही आठवड्यांत अंड्यांच्या लाखो कोंबड्या गेल्या. २०१५ मध्ये तर ओहायोभर जत्रांमधली जिवंत पक्ष्यांची प्रदर्शनंच बंद ठेवावी लागली होती. उद्या आमच्या एका कोंबडीत तो सापडला तर अकराच्या अकरा जातील, आजीच्या चौदा गेल्या तशाच. या बाबतीत ओहायो आणि यावलमध्ये काही फरक नाही. भरपाईचा नियमही मुळात सारखाच. मारावी लागलेल्या कोंबडीची मिळते, आधीच मेलेलीची मिळत नाही. म्हणजे लवकर सांगेल त्याचं नुकसान कमी. पण लवकर सांगायला, विचारायला आलेल्या माणसाची भीती वाटता कामा नये.

गावाकडे हे अजून घडताना मला दिसत नाही. तपासायची सोय नाही असं नाही. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संस्थेत हे जांभळं द्रावण बनतं. २०२३ मध्ये भारताने सव्वीस बंदिस्त कुक्कुटक्षेत्रं बर्ड फ्लूमुक्त असल्याचं जागतिक पशुआरोग्य संघटनेकडे जाहीर केलं, त्यात महाराष्ट्रातलीही आहेत. निर्यातीसाठी ते फार महत्त्वाचं. पण परसातल्या चौदा कोंबड्यांना तो कागद लागू होत नाही. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा साथ आली तेव्हा आईने फोनवर सांगितलं, मामीने शेजारणींना आधीच कळवून ठेवलंय, गाडी दिसली की सांगा. मानमोडी आली, माना वाकड्या होऊन कोंबड्या पडल्या, तरी बायका दवाखान्यात सांगत नाहीत. आहेत त्या पटापट विकून टाकतात, आणि रोग बाजाराच्या पिशवीतून पुढच्या गावाला जातो. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ज्या बाईच्या मिठा-तेलाचा खर्च अंड्यांवर चालतो, तिने कोणत्या भरवशावर आपणहून दार उघडायचं? गावोगाव पशुसखी आहेत, लसीकरणाला घरोघरी जातात, बायका त्यांना आत घेतात. साथ नसतानाच्या दिवसांत त्यांच्या हातात ती पांढरी काच आणि ती कुपी द्यावी. एकदा आपल्या कोंबडीचा थेंब आपल्या डोळ्यांसमोर गढूळ राहिलेला पाहिला की पुढच्या वेळी तीच बाई पशुसखीला हाक मारेल.

रविवारी आम्ही आजीला व्हिडिओ कॉल केला. आजी आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, कानाने कमी ऐकते, नजर चांगली आहे. सईने चिंगीला कॅमेऱ्यापुढे धरलं आणि पायातली पट्टी दाखवली. कागदही दाखवला. आजीने कागदाकडे पाहिलं नाही. चिंगीला मात्र बराच वेळ न्याहाळत राहिली, तुरा, डोळे, पंखांची ठेवण. खुडूक बसते का, विचारलं. मी सगळी हकीकत सांगितली, थेंबाची, कणांची, पुन्हा काढलेल्या रक्ताची. मामा मागे खाटेवर बसून ऐकत होता.

आजी म्हणाली, "रगत काढताना कोनी धरलं व्हतं तिले?"

"मी," सई म्हणाली.

"सोडली नाही ना मधीच?"

"नाही."

"मंग पानी पाजलं का?"

सईने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशीच्या गडबडीत पाणी पाजायचं आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. तिने फोन माझ्या हातात दिला आणि चिंगीला तशीच काखेत घेऊन ती नळाकडे गेली.